दुखवट्यातला कोरम

बाबांच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी, पंगती उठल्यावर, आमच्याच घराच्या वरच्या खोलीत कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक ठेवली होती, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

आमच्या घराण्यात हे नवीन नव्हतं. 'तापीरंग फूड्स अँड ऑइल्स' कागदावर लिमिटेड कंपनी असली तरी तिचे सगळे संचालक एका जागी सापडायचे ते लग्नात, साखरपुड्यात नाहीतर कुणाच्या दहाव्याला. मग कुणीतरी म्हणायचं, "आलोच आहोत तर एक विषय उरकून घेऊ." फैजपूरला केळीचा गर काढायचा कारखाना टाकायचं ठरलं ते भूषणच्या हळदीच्या दिवशी. सही करताना नवलकाकांच्या बोटाची हळद ठरावाला लागली होती, असं बाबा सांगायचे. सांगताना हसायचे. मीही हसत असे.

नवलकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, कंपनीचे चेअरमन. भूषण त्यांचा मुलगा, मॅनेजिंग डायरेक्टर. माझे वडील अभिमन पाटील यांना भाषणं जमत नसत. बॉयलर, पाइप, पंप हे त्यांचं. कंपनीचे कारखाने दोन. एक फैजपूरचा, तिथला केळीचा गर पिंपांत भरून युरोपला जातो. दुसरा धुळ्याच्या एमआयडीसीत, सरकीच्या तेलाचा. फैजपूरचा बॉयलर बाबांनी पांढऱ्या कोळशावर आणला होता. कापूस संपल्यावर शेतात उरलेल्या पऱ्हाटीचा भुसा दाबून ठोकळे करतात, त्यांना धंद्यात पांढरा कोळसा म्हणतात. धुळ्याला मात्र अजून काळाच जळत होता. तोही बंद करायचा, असा बोर्डाचा जुना ठराव होता, आणि गिऱ्हाइकांना दाखवायला त्याचं एक हिरवं पुस्तक दरवर्षी छापलं जायचं.

बाबा गेले ते धुळ्याला. मे महिन्यात उघड्यावरचा कोळशाचा ढीग आतून धुमसायला लागतो. त्या दुपारी तो धुमसत होता आणि बाबा पुना नावाच्या जुन्या कामगाराबरोबर पाण्याचा पाइप धरून उभे होते. ऊन असं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. बाबा आधी उगाच चिडले, मग असंबद्ध बोलायला लागले, मग पडले. गाडीत घातलं तेव्हा अंग तव्यासारखं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. हे मला पुनाने फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाला, "अक्का, हाई मी सांगं आसं कोनले सांगू नका."

दुसऱ्या दिवशी पेपरात निधनवार्ता आली. 'अल्पशा आजाराने' असं तीत होतं. वार्ता भूषणने दिली होती. आई भिंतीला टेकून बसली होती, माणसं येत होती, आणि मला वाटलं, सगळ्यांचंच असं छापतात.

पहिल्याच आठवड्यात कंपनीचा सेक्रेटरी किरण घरी आला. पायरीवर बूट काढून आईसमोर सतरंजीवर बसला. म्हणाला, "शेठ म्हणाले, नानांची खुर्ची रिकामी ठेवायची नाही. ताईंनी बोर्डावर यावं." कंपनीत नवलकाका म्हणजे शेठ आणि बाबा म्हणजे नाना.

आई धुळ्याकडची, घरात अहिराणीच बोलते. ती म्हणाली, "तुना बापनी खुर्ची शे माय ती. नही म्हनू नको."

मी संमतीपत्रावर सही केली. नाशिकच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. कारखान्याने काय जाळायचं हे बॉयलरजवळ ठरत नाही, चार-पाच माणसं टेबलाशी बसून ठरवतात, हे दरवर्षी वर्गात सांगते. बाबांच्या जागी बसून धुळ्याचा कोळसा बंद करता येतो का, ते पाहावं, एवढंच मनात होतं.

गंधमुक्तीला आमच्याकडे सोयरे टोपी-उपरणं आणतात आणि गेलेल्याच्या मुलाला चढवतात. मुलगा नसला तर पुतण्याला. मी एकुलती एक, तेव्हा टोपी भूषणच्या डोक्यावर जाणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. भूषण पुढे सरकूनही बसला होता. पण नवलकाकांनी मांडवात माइक हातात घेतला.

"अभिमनला मुलगा नाही असं कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं. "ही रूपाच आमच्या अभिमनचा मुलगा! आणि आमच्या घराण्याचा मुलगा! काळ बदलला पाव्हणं, आपण बी बदलायला पाहिजे."

मामांनी गोंधळून इकडे-तिकडे पाहिलं आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. ती मोठी होती, कानांवर आली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "याला म्हणायचं मोठं मन," माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. जामनेरहून आलेला एक पुढारी टाळी वाजवणार होता, दुखवटा आठवून त्याने हात मांडीवर ठेवले. नवलकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि फोटो निघेपर्यंत तो तिथेच राहू दिला.

खरं सांगायचं तर मलाही त्या वेळी रडू आलं. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी चोपड्याचा बाजार पाहिला होता.

पंगतीत वरण-बट्टी, गंगाफळाची भाजी आणि बुंदी होती. मी वाढत होते, स्वतः बसले नव्हते. शेवटची पंगत उठत असताना किरण जिन्याशी येऊन उभा राहिला. "ताई, सगळे वर जमलेत. कोरमसाठी थांबलेत."

वरची खोली बाबांची. खाट भिंतीशी उभी करून मधे टेबल टाकलं होतं, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि भाड्याचा मोठा कूलर खिडकीत घरघरत होता. टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि केळ्यांची एक फणी. नवलकाका बाबांच्या उशीला टेकून बसले होते. खुर्ची कडक लागते म्हणून त्यांनी खाटेवरची उशी काढून पाठीशी घेतली होती. शेजारी भूषण, त्याच्यासमोर लॅपटॉप. पलीकडे खैरनार साहेब.

खैरनार साहेब धुळ्याचे निवृत्त अधिकारी, कंपनीचे स्वतंत्र संचालक. स्वतंत्र संचालक म्हणजे ज्याचे कंपनीत हितसंबंध नाहीत असा माणूस. ते दर श्रावणात नवलकाकांच्या गाडीतून त्र्यंबकला जातात.

"ये बेटा, बापाच्या जागी बस," नवलकाका म्हणाले. मी बसले.

किरणने पहिला विषय वाचायला घेतला. "कंपनीचे संस्थापक संचालक कैलासवासी अभिमन नथू पाटील यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. मंडळ तीव्र शोक..."

"किरण," मी म्हणाले, "बाबांना आजार कुठला होता?"

त्याने भूषणकडे पाहिलं.

"ताई, लिहायची पद्धत असते ती," भूषण म्हणाला.

"ते उन्हाने गेले. कोळशाच्या यार्डात, पाणी मारताना."

"ते आपल्या घरातलं झालं गं. मिनिट्समध्ये कशाला? कारखान्याच्या आवारात म्हटलं की फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो, विमावाला येतो, गिऱ्हाईक शंभर प्रश्न विचारतं. नानांच्या नावाची चौकशी लागलेली चालेल तुला? काकूला दवाखान्याचे कागद घेऊन हिंडवायचं का या वयात?"

खैरनार साहेबांनी फणीतलं एक केळं तोडून घेतलं होतं. ते सोलत म्हणाले, "अभिमनराव म्हणजे ऋषी माणूस. ऋषीला आजार काय आणि ऊन काय. देह ठेवला म्हणा." आणि घास घेतला.

मग सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. भूषणचा फोन टेबलावर थरथरला. त्याने मान खाली घातलेलीच होती, त्यामुळे निरोप वाचायला त्याला सोयीचं गेलं.

मी आजाराचा मुद्दा तेवढ्यावर सोडला. मला दुसऱ्या विषयाची घाई होती.

दुसरा विषय कंपनीच्या हवामान आराखड्याचा. भूषणने प्रत्येकासमोर नवं हिरवं पुस्तक ठेवलं. मुखपृष्ठावर बाबांचा फोटो होता. खाली हार घालून ठेवलेला तोच, फक्त मागची भिंत काढून सातपुडा लावलेला. वर नाव, 'अभिमन हरित संकल्प'.

"कसं वाटलं?" नवलकाकांनी विचारलं. "माझीच कल्पना. अभिमनचं नाव सातासमुद्रापार जाईल."

भूषणने आराखडा सांगितला. युरोपच्या गिऱ्हाइकाने यंदापासून अट घातली होती. संचालक मंडळाने मंजूर केलेला आराखडा पाहिजे, तोही आज संध्याकाळपर्यंत, आणि त्यात कोळसा दिसला तर पुढच्या हंगामाचा करार नाही. त्याने पान उलटलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, वर्षअखेर तापीरंग शंभर टक्के कोळसामुक्त.

क्षणभर मला भरून आलं. एवढी वर्षं रखडलेलं काम माणूस गेल्यावर लाजेकाजेने तरी होतंय, असं वाटलं.

"म्हणजे धुळ्याचा बॉयलर बदलतोय?"

"बॉयलर तोच राहतोय," भूषण म्हणाला. "धुळं जातंय."

"जातंय म्हणजे?"

"तिसरा विषय बघ ना. सगळं दिलंय."

तिसरा विषय असा होता की धुळ्याची ऑइल मिल, जागेसकट आणि यंत्रांसकट, 'भाविका ॲग्रो ऑइल्स' या नव्या कंपनीला विकायची. भाविका म्हणजे भूषणची बायको. त्या वेळी ती खाली माझ्या आईजवळ बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होती. नव्या कंपनीत मालक म्हणून तिचं एकटीचं नाव होतं. शेड तेच, कामगार तेच, धुराडं तेच. पुढच्या पानावर नव्या कंपनीचा विस्तार होता. आणखी एक बॉयलर, आधीच्यापेक्षा मोठा, कोळशाचाच. तापीरंगच्या बोर्डाने दिलेला शब्द भाविकाच्या कंपनीला लागू होत नव्हता.

मी ते पान दोनदा वाचलं.

"भूषण, मग कोळसा जळायचा कुठे थांबणार?"

"आपल्याकडे थांबणार."

"आणि धुळ्यात?"

"धुळं आपलं राहणार नाही ना, ताई!" लहान मुलाला समजवावं तसा तो म्हणाला. "सगळेच करतात. मोठमोठ्या कंपन्या करतात. घाणेरडं असेल ते वेगळं काढायचं, स्वच्छ असेल ते शोकेसमध्ये ठेवायचं. कन्सल्टंटने सांगितलंय. पुण्याचा आहे."

अशा आराखड्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. पण वाचताना त्याला वास नसतो. त्या खोलीत केळीच्या सालीचा वास होता, जिन्यातून तुपाचा वास वर येत होता, आणि बाबांचा चेहरा टेबलावर चार-पाच ठिकाणी पडला होता, चकचकीत कागदावर, त्यांच्या मागे कधी नसलेल्या डोंगरासकट.  मी बाटली उघडून दोन घोट घेतले.

"तुम्ही सगळं ठरवलेलंच आहे," मी म्हणाले. "मग मला कशाला बसवलंय?"

किरणने घसा साफ केला. "ताई, भाविका मॅडम सरांच्या पत्नी, शेठच्या सूनबाई. त्यामुळे या विषयात शेठना आणि सरांना मत देता येत नाही. ज्यांचा संबंध नाही असे निदान दोन संचालक बैठकीत लागतात. त्याशिवाय कोरम होत नाही. एक खैरनार साहेब. दुसऱ्या तुम्ही."

"माझा संबंध नाही? मी यांची पुतणी आहे."

"सख्खी नाही ना. कायद्यात चुलतभावाच्या मुलीला नातेवाईक धरत नाहीत."

नवलकाका मनापासून हसले. "घे! कायद्याने तू आमची कोणी लागत नाहीस पोरी. म्हणून तर तू पाहिजेस!"

खैरनार साहेबही हसले. भूषण हसला. किरण तेवढा वहीत बघत राहिला. माझी टोपी टेबलाच्या कोपऱ्यावर पडली होती. जिना चढताना मी ती काढून हातात घेतली होती.

"काका, हे बाबांनी होऊ दिलं नसतं," मी म्हणाले. "आणि त्यांच्या नावाने तर मुळीच नाही."

नवलकाकांचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू आटत गेलं. उशी सारखी करत ते म्हणाले, "तुझा बाप? बेटा, तू नाशिकला होतीस. धुळ्याचा बॉयलर पुढे ढकलायचा विषय इथे दरवर्षी आला. दरवर्षी अभिमनने हात वर केला. दिवाळीत केला, भाच्याच्या लग्नात केला, पारोळ्याला मावशीच्या दहाव्याला केला. विचार यांना."

"एकमताने," खैरनार साहेब म्हणाले. "कधी विरोधाचा सूर नाही. म्हणून तर ऋषी म्हणतो मी."

मी किरणकडे पाहिलं. तो खाली बघून म्हणाला, "हो ताई. नाना काही बोलायचे नाहीत."

बाबा बैठकीहून आले की मला फोन करायचे. 'यांना काही करायचं नाहीये,' म्हणायचे. आवाजात किळस असायची. मी इतकी वर्षं समजत होते की ते तिथे भांडून येतात. ते तिथे हात वर करून येत होते, आणि किळस घरी आणत होते, कारण ती ठेवायला दुसरी जागा नव्हती. ज्या ढिगावर ते भर दुपारी पाणी मारत होते, तो ढीग त्यांच्या मताने तिथे पडला होता. यार्डात उभं राहायला ते घाबरले नाहीत. या टेबलाशी, या तीन-चार माणसांसमोर, 'नाही' एवढा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

बाबांचा राग येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, तेही त्यांची गंधमुक्ती होऊन दोन तास झाले नसताना.

"आणि एक सांग," नवलकाका पुढे वाकले. आता ते हळू बोलत होते, आणि तसं बोलताना ते नेहमी जास्त खरे वाटतात. "आज हे गेलं नाही तर करार जातो. फैजपूरला तीन पाळ्यांत माणसं आहेत. यावल-रावेरचे केळीवाले आहेत. त्यांना तू काय सांगशील? पुस्तक वाचून दाखवशील?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मी त्यावर थोडा विचार केला. भूषणला वाटलं मी वळतेय. त्याने पेन माझ्याकडे सरकवलं.

"धुळं आत ठेवून आराखडा पाठवा," मी म्हणाले. "लिहा की तिथे कोळसा आहे आणि अमुक तारखेला बंद होईल. ती तारीख पाळा. फैजपूरचं काम चांगलंच आहे, ते दाखवायला लाज वाटायचं कारण नाही."

"खरं लिहिलं की नापास, ताई."

"विचारून बघितलंस?"

"विचारायचं काय त्यात? तुला धंद्यातलं कळत नाही."

"मुदत मागितलीस?"

तो नवलकाकांकडे बघायला लागला. कुणी विचारलंच नव्हतं. युरोपला एक साधा प्रश्न पाठवण्यापेक्षा बायकोच्या नावाने कंपनी काढणं त्यांना सोपं गेलं होतं.

"किरण, टाक मताला," नवलकाका म्हणाले. "घरचंच आहे. उगाच लांबवू नका, खाली माणसं खोळंबलीत."

किरणने ठराव वाचला. खैरनार साहेबांनी हात वर केला. त्याच हातात केळीची साल होती, ती कुठे टाकावी हे त्यांना सुचत नव्हतं.

"ताई?"

"नाही."

"म्हणजे तटस्थ?"

"विरुद्ध."

कूलरचं पाणी संपत आलं असावं, त्याचा आवाज कोरडा झाला होता. किरण म्हणाला, "एक बाजूने, एक विरुद्ध. शेठचं जादा मत या विषयात चालत नाही. म्हणजे ठराव..." तो थांबला.

"लिही," नवलकाका म्हणाले. "पोर दुःखात आहे, सबब विषय पुढील बैठकीपर्यंत स्थगित."

"स्थगित नाही, काका. पडला," मी म्हणाले. "आणि किरण, विरोध माझ्या नावाने लिही. बाबांच्या आठवणीखातर वगैरे काही घालू नकोस. त्यांचं मत काय होतं ते तुझ्या जुन्या मिनिट्समध्ये आहे. हे माझं आहे."

किरणचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तो कुणाची तरी वाट बघत होता.

"पुस्तकावरून त्यांचा फोटोही काढायचा," मी म्हणाले.

"मेल तर आपण करतोय," भूषण लॅपटॉप ओढत म्हणाला. "कन्सल्टंटचं कव्हरिंग लेटर तयार आहे. ठराव मागून जोडता येतो. त्यांना मराठी बोर्डात काय झालं ते कुठे कळतंय?"

"तो मेल गेला तर दुसरा मी पाठवीन. बोर्डाने हे मंजूर केलेलं नाही, एवढंच लिहीन. डायरेक्टर म्हणून सही करून."

 खैरनार साहेबांनी साल शेवटी हिरव्या पुस्तकावर ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली.

नवलकाका उठले. उशी त्यांच्या पाठीमागून खाली पडली. त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

"ठीक आहे मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही आता संचालक आहात. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

मला बोलता यायच्या आधीपासून ते मला 'पोरी' म्हणत आलेत. मला वाटलं होतं की असं काही झालं तर लागेल. लागलं नाही. त्यांच्या तोंडून दिवसभरात ऐकलेलं तेवढं एकच वाक्य मला साफ वाटलं.

ते जिना उतरले. खाली मांडवात लगेच त्यांचा मोठा आवाज आला, "बापावर गेली हो लेक! स्वाभिमानी आहे!" आणि कुणीतरी 'मग, अभिमनचं रक्त आहे' असं म्हणालं. या माणसाला आपण नकार दिला तरी तो त्याचंही कौतुक करून खिशात घालू शकतो, हे मी वरून ऐकत होते. मग गाड्यांची दारं लागली. दुखवट्याच्या घरातून निघताना कुणी निरोप घेत नाही, त्यामुळे मला उतरायची गरज पडली नाही.

किरण मागे राहिला होता. त्याने मिनिट्सचं पान माझ्यासमोर ठेवलं. 'विरुद्ध' या शब्दापुढे माझं पूर्ण नाव होतं.

"सर मेल करणार नाहीत," तो म्हणाला. "मुदत मागणार आहेत. मला गाडीतून फोन आला. पण ताई, वार्षिक सभेत तुमचं नाव कायम करावं लागतं. ते करणार नाहीत. नवा कोणीतरी बसवतील. खैरनार साहेबांचे साडू आहेत एक."

"तोवर?"

"तोवर तुम्ही आहात."

"मग पुढची बैठक लवकर लाव. पहिला विषय मी देते, धुळ्याच्या बॉयलरची तारीख. आणि दुखवट्याचा ठराव दुरुस्त करायचाय."

"कुठे लावू?" त्याने विचारलं, आणि त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "म्हणजे, जवळपास लग्न वगैरे काही..."

"ऑफिसात लाव, किरण."

खाली मांडव रिकामा झाला होता. आई स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसली होती.

"काय व्हयनं वर?"

"मी नाही म्हणाले."

"नवलभाऊले?"

"हो."

तिने रिकाम्या मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या आते येवाव नहीत आपलाकडे." नवलकाका आता आपल्याकडे येणार नाहीत, हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार होती की नाही ते मला ओळखता आलं नाही. माझ्या निर्णयाची किंमत आधी तिला पडणार होती. या गावात, या गल्लीत राहायचं होतं ते तिला. मी चार दिवसांनी नाशिकला जाणार होते. हे वर बसलेल्या कुणी म्हणालं असतं तर मला त्याचं उत्तर देता आलं नसतं.

"आई, बाबा दरवेळी हात वर करायचे. तुला माहीत होतं?"

"माले ठाऊक व्हतं." ती पदराशी चाळा करत होती. "ज्या दिन हात वर करीसन येत, त्या दिन जेवेत नही. मी इचारं तर म्हनेत, भूक नही."

मी तिच्याजवळ बसले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग उठली, झाकलेलं पातेलं पुढे ओढलं.

"तू जेवनी का?" तिने विचारलं.

मी नाही म्हणाले. तिने दोन बट्ट्या कुस्करल्या, वर गार झालेलं वरण ओतलं, तूप सोडलं. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. उतरला. मी सगळं जेवले, आणि आणखी मागून घेतलं.